गेणमामा आणि टायरचा दिवा

भोळ्या माणसांचं लोकांना फार कौतुक. मला त्यांचा राग येतो. माझे मामा, गेणभाऊ, असेच भोळे होते आणि त्यापायी त्यांनी हातातलं स्टिअरिंग घालवलं.

नव्वदच्या सुमाराला मामा जुन्नर-मंचर रस्त्यावर जीप चालवायचे. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी वेगळी. मंचरचे कांदा-बटाट्याचे आडतदार रूपचंदशेठ एकदा त्या जीपमध्ये बसले, मामांचा हात पाहिला आणि त्यांना ड्रायव्हर म्हणून ठेवूनच घेतलं. शेठचा मुलगा प्रितम तेव्हा शाळेत होता. त्याला सोडणं-आणणं मामांकडं. पुढं त्याला मिशी फुटल्यावर गाडीही मामांनीच शिकवली. तो क्लच सोडताना गाडी बंद पाडायचा आणि मामा घरी येऊन ते असं रंगवून सांगायचे, जणू स्वतःच्या पोरानं पराक्रम केलाय. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. प्रयागमामी ऐकून घ्यायची आणि भाकऱ्या थापत राहायची.

दोन हजार आठ साली प्रितमनं मुंबईहून एक परदेशी बनावटीची जुनी गाडी आणली. तिच्या प्रत्येक चाकात सेन्सर होता. टायरमधली हवा कमी झाली की समोर पिवळा दिवा लागायचा. म्हणजे लागायला हवा होता. त्यातला एक सेन्सर बिघडलेला निघाला आणि दिवा वाटेल तेव्हा लागायचा, वाटेल तेव्हा विझायचा.

सुरुवातीला मामा दर वेळी गाडी बाजूला घ्यायचे. खाली उतरून टॉमीनं, म्हणजे चाक काढायच्या लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकायचे, कान देऊन आवाज ऐकायचे. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर पंक्चरवाल्याकडं जाऊन हवा मोजायचे. हवा ठणठणीत. पंक्चरवाला शेवटी वैतागला.

"भाऊ, टायरला काय बी झालं न्हाई. गाडीचंच डोकं फिरलंय. मला कशाला तरास देता?"

एकदा असंच थांबल्यावर मागं बसलेल्या उगमबाई, म्हणजे शेठच्या पत्नी, म्हणाल्या, "जाऊ द्या हो गेणभाऊ. माझ्या सासूबाई अशाच होत्या. काही झालेलं नसलं तरी पेटायच्या!"

झालं. त्या दिवसापासून दिव्याचं नाव सासूबाई. सगळं घर हसायला लागलं. प्रितमसुद्धा संध्याकाळी विचारायचा, "काय भाऊ, आज सासूबाई किती वेळा रागावल्या?" वर्षभरात मामांनी थांबणं सोडून दिलं. हे त्यांचं चुकलंच. मामा असले म्हणून मी झाकणार नाही.

मी शेठच्याच आडतीत वजनकाट्यावर होतो, त्यामुळं आडतीत काय घडलं ते सांगतो, ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका रविवारी प्रितम एकटाच गाडी घेऊन पुण्याला गेला आणि सेन्सर नवा बसवून आला. सोमवारी सकाळी तो आडतीत आला. मामा माझ्याशेजारीच उभे होते. त्यांच्या हातावर किल्ली ठेवून तो म्हणाला, "भाऊ, आईला आज जुन्नरला आत्याकडं न्या." एवढंच. लगेच फोन कानाला लावून आत गेला. सेन्सरचं नावही त्याच्या तोंडून निघालं नाही. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. विसरला असेल. विसरण्याबद्दल मी त्याला माफही केलं असतं.

वाटेत काय झालं ते नंतर मामांकडूनच कळलं. घोडेगाव मागं पडल्यावर दिवा लागला. मामा म्हणाले, "बाई, सासूबाई उठल्या." उगमबाई हसल्या. गाडी तशीच पळत राहिली आणि पुढच्या वळणावर मागचा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून खालच्या वावरात जाऊन आडवी झाली. मामांना खरचटलं. उगमबाईंचा खुबा मोडला. त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत.

चार दिवसांनी शेठनी आम्हाला पेढीवर बोलावलं. नातेवाईक बसलेले. एकानं तोंड उघडलं, "दिवा लागलेला दिसत होता, तरी हा माणूस थांबला नाही?" प्रितम चटकन म्हणाला, "मी भाऊंना बजावलं होतं. सेन्सर नवा घातलाय, आता दिवा लागला की थांबायचं."

माझं डोकं सणकलं.

"कवा सांगितलं? किल्ली देताना मी तिथंच व्हतो, प्रितमशेठ. काय बी सांगितलं न्हाई तुमी!"

मामांनी हात वर करून मला गप्प केलं. रूपचंदशेठ माणूस सरळ. त्यांनी थेट विचारलं, "गेणभाऊ, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवीन. यानं सांगितलं होतं का?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. वीस वर्षांचं नाव त्या एका शब्दावर होतं. मामांनी प्रितमकडं पाहिलं. तो खाली मान घालून बोटातली अंगठी फिरवत होता.

"सांगितलं आसंल, शेठ," मामा म्हणाले. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

शेठनी हात पुढं केला. मामांनी किल्ली दिली.

मंचरच्या बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दिवा दिसत असून न थांबणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात कोण गाडी देणार? मी ती नोकरी सोडली, पण माझ्या सोडण्यानं कुणाचं काय अडलं? मामा एकाच्या कांद्याच्या वखारीवर राखणीला बसायला लागले. प्रितम एकदाही भेटायला आला नाही. मामा मात्र रस्त्यावरून गाडी गेली की मान उंच करून बघायचे. मला ते बघवत नसे.

दीड-दोन वर्षांनी मी वखारीवर गेलो होतो. मामा थकले होते. मला राहवलं नाही.

"मामा, आता तरी खरं बोला. त्यानं तुमास्नी सांगितलं नव्हतं. तुमी त्याचं पाप अंगावर घेतलं."

मामा दचकले.

"आसं कसं म्हंतूस? सांगितलं व्हतं की त्यानं. किल्ली देताना माझ्या खांद्यावर हात ठिवला, म्हनला, भाऊ, सेन्सर नवा घातलाय, दिवा लागला तर थांबा. पोरगं लबाड न्हाई रं. मीच इसरलो."

ते थापा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. खांद्यावरच्या हातासकट.

"तू तर शेजारीच व्हतास," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "तू आयकलं न्हाईस व्हय?"

मी समोरच्या ढिगातला एक सडका कांदा उचलून बाजूला टाकला.

"व्हय मामा," मी म्हणालो. "आयकलं."