तेहतिसापर्यंत भला माणूस

मोरेश्वर कळंबे गुरुजींनी सौंसरच्या शाळेत अर्धं आयुष्य गणित शिकवलं. गावाला ते फारसं आलं नाही. पण पोरांचे पेपर तपासून गुरुजींच्या हाताची खाज भागत नसे, म्हणून त्यांनी गावाची पापं तपासायला घेतली. पेपरासारखीच, शंभरपैकी. फरक एवढाच की इथं मार्क जितके कमी तितका माणूस चांगला. तेहतिसापर्यंत भला माणूस, त्याच्यावर गेला की नापास.

"वरती देव हिशेब करतेच न?" ते विचारत. "मग तो काय अंदाजपंचे करते? त्याच्याजवळ काही माप असन का नसन?"

देवाजवळ माप आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्यानं गुरुजींचं माप चालू झालं. दुधात पाणी घालणं, तीन. उन्हाळ्यात दोनच, कारण तेव्हा पाण्यालाही किंमत असते. संत्र्याच्या पेटीत वरचा थर मोठ्या फळांचा आणि खाली सगळी लिंबाएवढी, सात. शेजाऱ्याच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, नांगर घुसवणं, अकरा. सुनेनं सासूला उलट बोलणं चार. सासूनं सुनेला टोचून बोलणं दीड, कारण त्याला वळण लावणं म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमारीत नदीपल्याडच्या माणसाच्या डोक्यात गोटा घालणं, शून्य. ती परंपरा. तोच गोटा आणखी एक दिवस थांबून घातला तर मात्र पंचवीस.

संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर लोक येत. पाप सोडायला नव्हे, परवडतं का ते विचारायला. एका किराणावाल्यानं तर आपलं वर्ष बरोबर बत्तिसात बसवलं होतं, आणि तो जामसांवलीला हनुमानापुढे अगदी ताठ मानेनं नारळ फोडून येई. गुरुजींना यात काही वावगं दिसलं नाही. गाव हिशेबाला लागलं म्हणून ते खूशच होते.

लग्नाच्या बाबतीत गुरुजी विशेष समजूतदार. मोहगावच्या रामाजीच्या पोरीचं, पंचफुलेचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला, आणि मग कळलं की होणारा जावई दारूत बुडालेला आहे आणि ते जाणूनबुजून लपवलंय. रामाजी बिचारा तडक ओसरीवर आला. गुरुजींनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि निकाल दिला.

"पाच."

"पाचच जी?"

"रामाजी, सोयरीक जमवताना कोण लपवत नाही? तू पोरीचं वय किती सांगितलं होतं? लपवण्याचे पाच. पण साक्षगंध झाल्यावर सोयरीक मोडणं, त्याचे चाळीस. दोन घरं नासतात त्यानं."

पाचासाठी चाळीस कोण डोक्यावर घेणार? रामाजीनं पोरीचं लग्न लावून दिलं.

पुढच्या वर्षी गुरुजींच्या मुलीची, अनुराधेची, पाळी आली. स्थळ पांढुर्ण्याचं, संत्र्याचे व्यापारी भगवंतराव यांचा श्रीकांत. मुलगा पाहायला आला तो काळा गॉगल लावून, आणि चहा-पोहे झाले तरी तो गॉगल नाकावरून उतरला नाही.

"घरात कायचं ऊन आहे जी?" गुरुजींची बायको, उषाबाई, कुजबुजली.

"मॉडर्न आहे," गुरुजी म्हणाले. "तुला नाही समजत त्यातलं."

साक्षगंध झालं. अंगठी बोटात आली. मग दोन्ही घरं मिळून जामसांवलीला दर्शनाला गेली. तिथं अनुराधानं श्रीकांतच्या डाव्या बाजूनं प्रसाद पुढे केला. त्यानं घेतला नाही. तिनं हात आणखी पुढे केला, तरी तो आपला समोरच्या गर्दीकडे बघत उभा.

"राग आला का?" तिनं विचारलं.

तो दचकून वळला. जरा वेळ चुळबुळला आणि मग त्यानं गॉगल काढला. डावं बुबुळ पांढरं पडलं होतं.

"गोटमारीत लागला. या डोळ्यानं नाही दिसत," तो म्हणाला. "मी बाबूजींना म्हटलं होतं, सांगून टाका. ते म्हणे, कायले? लपवण्याचे पाचच आहेत, गुरुजींचाच रेट आहे."

अनुराधानं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. "डोळ्याचं मला काही नाही, बाबा. आधी सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण मला काय सांगायचं अन् काय नाही, हे ज्या घरात भाव पाहून ठरते, तिथं मला नाही जायचं."

गुरुजी ताडकन उठले. "नव्वद!" त्यांनी जाहीर केलं.

"रामाजीच्या पोरीच्या वेळी पाच होते," उषाबाई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

वेगळं हेच होतं की ती रामाजीची पोर होती. पण हे गणितात कसं मांडायचं ते गुरुजींना सुचेना.

रविवारी भगवंतराव जीप घेऊन सौंसरात हजर. अशा बातमीला आमंत्रण लागत नाही. ओसरी भरून लोक अंगणात उभे राहिले. बाजाराला आलेला रामाजीही खांबाला टेकून उभा होता. श्रीकांत जीपपाशीच थांबला. आज गॉगल नव्हता.

"गुरुजी, ऐकून राहिलो, पोर नाही म्हणते," खुर्चीत ऐसपैस बसत भगवंतराव म्हणाले. "बोला, आमचा गुन्हा कितीचा?"

"तुम्ही डोळा लपवला."

"लपवण्याचे पाच."

"अहो, पण डोळा!"

"डोळा का आम्ही फोडला जी? गोटमारीतला गोटा तो. त्याचे शून्य. पाच अन् शून्य पाच. का सौंसरात बेरीज वेगळी होते?"

अंगण खदखदून हसलं. गुरुजींची नजर रामाजीकडे गेली.

"माह्याकडं नका पाहू जी," रामाजी म्हणाला. "म्या तर पाच मुकाट्यानं घेतले. मास्तरच्या पोरीचा रेट वेगळा असन तर तसं सांगा, आमालेही समजन."

"अन् मोडलं तर चाळीस," भगवंतरावांनी पान तोंडात सारलं. "तुमचाच कायदा आहे. साऱ्या तालुक्यात फेल व्हान, गुरुजी. विचार करा."

गुरुजी विचारच करत होते. आयुष्यात त्यांच्याजवळ बाग नव्हता, दुकान नव्हतं. होतं ते एवढंच, की साऱ्या तालुक्यात दहाच्या आत राहिलेला माणूस एकच. बाप म्हणून काही सूट निघते का, हे त्यांनी मनातल्या मनात चाळून पाहिलं. आईच्या आंधळ्या मायेला त्यांनी दोन मार्कांची सूट ठेवली होती. बापाला काहीच ठेवली नव्हती. तेव्हा गरज वाटली नसावी.

"बाबा," दारातून अनुराधा म्हणाली. अंगठी तिनं बोटातून काढून मुठीत धरली होती.

"मोडलं," गुरुजी म्हणाले.

"चाळीस!" मागून किराणावाला ओरडला. इतका आनंद त्याला धंद्यातही कधी झाला नसेल.

"चाळीस तर चाळीस. झालो नापास."

अनुराधा पायऱ्या उतरून थेट जीपपाशी गेली आणि अंगठी तिनं श्रीकांतच्या हातावर ठेवली.

"मीच सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि परत आली.

भगवंतरावांची जीप धूळ उडवत गेली. तमाशा संपला तसे लोकही पांगले. परीक्षकच नापास झाल्यावर आपण सगळे वरच्या वर्गात गेलो, असा प्रत्येकाचा चेहरा. रामाजी पिशवी उचलून बसस्टँडकडे निघाला. गुरुजी चपला घालून त्याच्या मागे गेले.

"ते पाच चूक होते, रामाजी."

"मंग किती होते जी?"

"नाही सांगता येत."

"आता तुमाले नाही सांगता येत," रामाजी न थांबता म्हणाला, "पोर तर मी देऊन बसलो. परवा मार खाऊन आली होती. पुन्हा नेऊन सोडली, मोडण्याचे चाळीस म्हणून."

स्टँडवर मोहगावची बस लागली होती; पंचफुलेचं सासरही त्याच वाटेवर. रामाजी चढला. गुरुजीही चढले आणि त्याच्या शेजारी बसले.

"तुमी कुठं जी?"

"पंचफुलेच्या सासरी जाऊ. तिला घेऊन येऊ."

रामाजीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग सरकून जागा केली.

"चला मंग," तो म्हणाला. "पण तिथं जाऊन मार्क नका सांगू, बाप्पा."