मुठीतला घास
जाड पोहे आणि शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला कर्जतच्या दवाखान्यात आजारी पडलेली थोरली बहीण आठवते. तिचं अन्न तुटलं होतं. पोहे, तीळ, दाणे भाजून गुळात घोळवलेला खाऊ तिच्या आवडीचा, म्हणून आईनं तो कळंबच्या घरून करून नेला. बहिणीनं घास तोंडात घेतला, पण आई पाणी आणायला जाताच तो माझ्या हातावर काढला. "गिळवत नाय गं. आयेला सांगू नको." आईनं परत येऊन विचारलं, "गोड झालाय ना गं?" "लय गोड हाय, आये." बाहेर आल्यावर आईनं माझी मूठ उघडून पाहिली. सकाळी घरी तिनं पुन्हा पोहे भाजायला घेतले. ते भाजून व्हायच्या आतच दवाखान्यातून निरोप आला. आता माझी लेक तापानं पडली की, काय खाशील हे विचारायचाही मला धीर होत नाही.