आधी ‘नको’

आमच्या मैदानावर वायरलेस सांभाळणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणतात. तिचा सख्खा धाकटा भाऊ तेवढा मुद्दाम ‘बाईसाहेब’ म्हणायचा. तो पॅराशूट बांधून विमानातून उड्या मारायचा. ताईने खालून ‘उडी’ म्हटल्याशिवाय विमानाचं दार उघडायचं नाही, असा इथला नियमच होता.

त्या दुपारी विमान वर गेलं आणि बघता बघता आभाळ काळंकुट्ट झालं. ऑफिसवरचे पत्रे वाऱ्याने थडथडायला लागले. अशा वाऱ्यात पॅराशूट म्हणजे दोरा तुटलेला पतंगच. ताईने बटण दाबलं आणि जीव तोडून ओरडली, “उडी नको!”

नेमकी तेव्हाच वीज कडाडली आणि ‘नको’ वायरलेसच्या खरखरीत बुडालं. वर पोचली ती नुसती ‘उडी’.

“निघालो, बाईसाहेब!” भावाचा हसरा आवाज आला.

ताई “नको, नको” म्हणत राहिली, पण ऐकायला तो विमानात होता कुठे?

तो जिवंत सापडला नाही. लोक म्हणतात, तिने नीट बोलायला हवं होतं. अरे, वादळात व्याकरण कोण बघतं?

आता ताईला चहा विचारला, तरी ती आधी ‘नको’ म्हणते, मग ‘चहा’.