मांडी घालून बसता का?

आमच्या प्रोसीजर रूमच्या दाराशी झाकणाचा एक स्टीलचा डबा असतो. आत जाण्याआधी पेशंट अंगावरचं सगळं काढून त्यात ठेवतात. जोडवी, पिना, ताईत, कमरेची साखळी. संध्याकाळी डबा रिकामा होतो, कारण ज्याचं त्याला परत मिळतं. किस्से मात्र कुणी परत नेत नाही. ते माझ्याकडंच साठतात, आणि कुणाला सांगितले नाहीत तर मला अपचन होतं.

मी हेब्बाळकडच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. घराणं मराठी, पण बेंगळूरमध्ये इतकं मुरलेलं की पुण्याचे लोक माझं मराठी ऐकून विचारतात, तुम्ही कन्नड का? इथं सगळे मला अक्का म्हणतात.

काम काय ते सांगते. लिव्हरमध्ये छोटी गाठ असली की डॉक्टर कातडीतून एक सुई थेट गाठीत घालतात, सुईतून करंट सोडतात आणि गाठ आतल्या आत भाजून टाकतात. पोट फाडायला नको, टाके नकोत. पण तो करंट बाहेर पडायला वाट लागते, म्हणून दोन्ही मांड्यांना पॅड चिकटवतात. आता त्या वाटेत खुब्यातला कृत्रिम गोळा किंवा मांडीतला रॉड आला, तर नको ते तापू शकतं. पेशंट भुलीत, त्यामुळं तो ओरडणारही नाही. म्हणून आधी विचारायचं. बस्स, माझं सगळं भांडण या विचारण्यावरून आहे!

*

आमचे मॅनेजर श्रीनिधी पूर्वी बेळ्ळंदूरला सॉफ्टवेअर कंपनीत होते. आल्या आल्या त्यांनी कागदी फॉर्म बंद करून टॅबलेट आणला. त्यात एक प्रश्न होता, शरीरात मेटल आहे का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. आणि "नाही"वर खूण आधीपासूनच!

मी विचारलं, सर, पेशंट यायच्या आधीच त्याचं उत्तर कसं काय आलं?

"अक्का, बहुतेकांचं उत्तर नाहीच असतं. तेवढाच वेळ वाचतो."

मग पेशंट बरा झाला अशीही खूण आधीच करून ठेवा की! हे मी तोंडावर म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

*

टॅबलेटवर मराठीही आहे. भाषांतर मशीननं केलेलं. "तुमच्या शरीरात धातू आहे का?"

कोल्हापूरकडचे एक गृहस्थ आले होते, मुलाकडं राहायला आलेले. बायको शेजारीच. प्रश्न वाचून त्यांचे कान लाल झाले. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, "सिस्टर, गाठ लिव्हरला आहे. ही चौकशी कशाला? दोन मुलं आहेत आम्हाला."

मी तक्रार केली. चार दिवसांनी शब्द बदलून आला, "लोह". पुढचे पेशंट निपाणीचे रिटायर मास्तर. त्यांनी मन लावून उत्तर दिलं, "कमी आहे. गोळ्या चालू आहेत."

मास्तरांच्या मांडीत हातभर पट्टी आणि तिच्यात ओळीनं स्क्रू होते. मी हट्टानं एक्स-रे मागवला म्हणून दिसले. लिव्हरच्या स्कॅनमध्ये मांडी कुठून येणार? टॅबलेटवर मात्र मास्तरांच्या नावापुढं "नाही"च होतं.

*

अडाण्यांचंच असं होतं असं समजू नका. मारतहळ्ळीचा एक इंजिनिअर, तोही मेकॅनिकल! बाईकवरून पडून पाय मोडलेला, आत रॉड. फॉर्मवर "नाही". मी पायावरचा व्रण बघून विचारलं, हे काय? तर मला समजावून सांगायला लागला.

"ते टायटॅनियम आहे, अक्का. मेटल नाही."

याला पास कुणी केलं, ते मला बघायचंय.

*

आणि शिकलेल्यांच्या वरचे शिकलेले! एका बाईंच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा होता. तो कसला, कुठपर्यंत, म्हणून मी आमच्याच हाडांच्या विभागात फोन लावला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सांध्याबरोबर मिळालेल्या कार्डावर काय लिहिलंय? एमआरआयला चालतं असं लिहिलंय, मी म्हटलं. मग झालं तर, म्हणाले, सगळ्याला चालतं.

अहो, एमआरआय वेगळा, करंट वेगळा! चुलीवर चालणारं भांडं मिक्सरला लावता का तुम्ही? मी आमच्या डॉक्टर कामतांना बोलावलं. त्यांनी शांतपणे एक्स-रे बघितला, पॅडची जागा बदलली, आणि काम नीट झालं. अर्धा तास गेला.

त्या अर्ध्या तासाचा मला मेमो मिळाला. "अनावश्यक विलंब." आणखी दोन मेमो आले तर रूम सुटणार आणि मी फाइलींच्या खोलीत, हे श्रीनिधींनी तोंडी सांगितलं. गोड बोलून, कॉफी पाजून सांगितलं. त्याचा राग जास्त आला.

*

मग मीही माझी वाट काढली. आमच्या आत्याचा खुबा बदलला तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत ती खुर्ची मागते. खाली बसायची मनाई आहे ना. तिला विचारा, अंगात मेटल आहे का? ती म्हणेल, छे, माझं फक्त ऑपरेशन झालंय. पण जेवायला कुठं बसतेस विचारलंत, तर सगळं रामायण सांगेल.

म्हणून मी पेशंटला एकच विचारायला लागले. जेवायला मांडी घालून बसता का? नाही म्हणाले की विचारायचं, कधीपासून? बस्स, तिथून सगळं बाहेर येतं. स्वल्प वेळ लागतो, पण येतं.

*

असंच रुक्मिणीबाईंना विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या, आमच्यासारख्याच जुन्या बेंगळूरच्या मराठी. टॅबलेटवर त्यांचं उत्तर "इल्ला", म्हणजे नाही. आत टेबल तयार, डॉक्टर हातमोजे घालून उभे.

मी विचारलं, मांडी घालून बसता का?

"टेबलावर जेवते."

"कधीपासून?"

त्यांनी माझा हात धरला. घट्ट. म्हणाल्या, "पोरी, लिहू नको. दोन ठिकाणी खरं सांगितलं. खुब्यात गोळा आहे म्हटलं, तर दोघांनीही घरी पाठवलं. मेटल आहे म्हणे, होणार नाही. गाठ वाढतेय माझी."

मला काय वाटलं सांगू? दोन्ही हॉस्पिटलांत जाऊन ओरडावंसं वाटलं. कुणी विचारतच नाही, आणि जिथं विचारतात तिथं उत्तर ऐकून हात झटकतात! म्हातारीला खोटं बोलायला कुणी शिकवलं? आपणच ना?

मी डॉक्टरांना थांबवलं. रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा विश्वासघात केला असंच त्यांना वाटलं असणार. डॉक्टर कामतांनी एक्स-रे मागवला, बघितला आणि म्हणाले, "मग करंटची सुई नको. मायक्रोवेव्हची घेऊ. तिला पॅड लागत नाहीत, खुबा लांब राहिला."

एवढंच! आणि या दोन वाक्यांसाठी ती बाई तीन महिने फाइल घेऊन हिंडत होती. त्या दिवशी गाठ भाजली गेली. संध्याकाळी डब्यातली जोडवी परत घेताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मला दुसरा मेमो. चाळीस मिनिटं विलंब. खाली एक ओळ जास्तीची होती. यापुढं पेशंटला प्रश्न फक्त काउंटरवर विचारले जातील, टॅबलेटवरून. सिस्टरनं विचारायचं नाही.

*

गेल्या आठवड्यात रुक्मिणीबाई परत आल्या. लिव्हरमध्ये आणखी एक ठिपका दिसला होता, पुन्हा तीच मायक्रोवेव्हची सुई घालायची होती. त्याच दिवशी हॉस्पिटलची तपासणी करायला बाहेरचे साहेब आलेले. त्यांना दाखवायला श्रीनिधी स्वतः टॅबलेट घेऊन काउंटरवर उभे. मी डबा घेऊन रुक्मिणीबाईंच्या शेजारी. त्या उंच खुर्चीवर, एक पाय लांब करून बसल्या होत्या आणि जोडवी काढत होत्या.

श्रीनिधी अदबीनं वाकले. "अज्जी, मैयल्ली मेटल इदेया?" अंगात मेटल आहे का, आजी?

रुक्मिणीबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग टॅबलेटकडं. मग हातातली जोडवी डब्यात टाकली.

"इल्ला," त्या म्हणाल्या.

श्रीनिधी साहेबांकडं वळले.

"बघितलंत सर? दोन सेकंद."