गोदाताईचं तूप

गोदाताई – माझी थोरली बहीण. आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि ती मिळाली तिच्यामुळे. आजवर जे कुणाजवळ बोललो नाही, तेही तिच्याबद्दलचंच आहे.

भातकुलीत तिच्या दोन म्हशी होत्या. पहाटे दूध काढून ते अमरावतीला घालायचं – त्यावर तिनं मला अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकवलं. एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांत मला ऑस्ट्रेलियाची शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा तिनं डबाभर तूप कढवलं, झाकण डाग देऊन पक्कं झाळून आणलं, आणि आपल्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवलं.

"ताई, तिकडे तूप नेऊ देत नाहीत म्हणतात."

"काहून? तुपाले का शिंगं हायेत? इद्वान झाला अन् मलेच शिकवून राहिला! ठेव मुकाट्यानं, बापू."

ठेवलं. माझ्या डोळ्यांदेखत ठेवलं.

बोटीवर कागद भरून घेतला – सामानात दूध, लोणी, तूप आहे काय? आपल्या गुरांची लाळ-खुरकूत तिकडे पोचू नये म्हणून तो नियम. मी शेतकी शिकलेला, मला तो पटतही होता. "आहे" लिहिलं असतं तर? डबा काढून घेतला असता – एवढंच. पण मला वाटलं, मलाच परत धाडतील. लिहिलं – नाही.

बंदरावर ट्रंक उघडली. अधिकाऱ्यानं डबा वर धरला. हे काय? कागदावर तर नाही म्हणता? परत जायचं – ताईपुढे – कोणत्या तोंडानं? आणि मी बोललो. काय बोललो – सांगतो, थांबा – मी म्हणालो, "साहेब, घरच्या अडाणी मोलकरणीनं मला न सांगता ठेवलं असेल."

त्यानं मान हलवली. डबा जाळायच्या पिंपात गेला. धडपाही गेला. मी बघत उभा होतो, आणि – हेही लिहायलाच हवं – मला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात ताईला पत्र टाकलं. गावातल्या मास्तरांनी ते तिला वाचून दाखवलं असणार.

"ती. गोदाताईस सा. न. सुखरूप पोचलो. तूपही पोचलं. रोज जेवताना घेतो. बंदरावर साहेबानं विचारलं, हे कुणी दिलं? मी सांगितलं, माझ्या बहिणीनं. – तुझा बापू."