राहिलेलं तेवढं विचार

मंडळी, दुपारपासून अडकलेला श्वास आत्ता सुटला.

मेळघाटातल्या गावी माझा धाकटा भाऊ वसंता याच्या छातीत दुखलं. तिथल्या दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी झाली, पण ती बघणारे डॉक्टर अमरावतीला, आणि गावातलं इंटरनेट उपग्रहावरून येणारं. फाईल जाता जाईना.

“दादा, दुखते मले, अन् घाम तुले काहून?” वसंता म्हणाला.

दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसलेली सुनीता पुटपुटली, “एक तुकडा गेला की तिकडून ‘भेटला’ येईपर्यंत मशीन थांबून रायते.”

मी कान टवकारले. साठच्या दशकात मी अकोल्याहून ट्रंक कॉलवर कापसाच्या गाठींचे नंबर सांगायचो. अमरावतीला हाच वसंता दर आकड्याला “हो” म्हणायचा आणि कॉलची तीन मिनिटं त्यातच संपायची. शेवटी ठरवलं, मी सगळं सांगतो, तू राहिलेलं तेवढं विचार.

“पोरी, सगळे तुकडे न थांबता धाडायचे, अन् तिकडून राहिले तेवढेच मागायचे. तुह्या मशीनले असं नाई जमत काय?”

“जमते न काका. सेटिंग बदलून पाहते.”

दहा मिनिटांत फाईल पोचली. डॉक्टरांचा फोन आला, हृदय ठीक आहे, पित्त आहे. मग ते पथ्य सांगू लागले आणि वसंता प्रत्येक शब्दाला “हो”.

आज मी त्याला अडवलं नाही. तुमच्या घरी असा “हो”वाला कोण आहे?