सरांना ऐकू न येणारी पुली

आमच्या घरात पहिली मोटार आली तेव्हा मी बदनापूरजवळच्या एका खेड्यात आरोग्य उपकेंद्रावर नर्स होते आणि माझे यजमान बदनापुरातल्या शाळेत पी.टी.चे शिक्षक. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, घरात मीही तेच म्हणायचे. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. गाडी जालन्याच्या एका डॉक्टरांनी वापरून काढलेली, मोरपंखी रंगाची. मागच्या काचेवरचा लाल क्रॉस सरांनी ब्लेडने खरवडला, पण तो अर्धाच निघाला आणि पुढची सगळी वर्षं आमच्या गाडीवर लाल वजाबाकीचं चिन्ह राहिलं.

चार महिने गाडी गुणाने चालली. मग थंडी पडली आणि एका सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर पुढून बारीक आवाज आला. चीं, चीं, चीं, चीं.

"अहो, हा कशाचा आवाज?"

"कुठला आवाज?"

"हा काय. चीं चीं करतंय."

सरांनी मान तिरपी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कायबी न्हाई. इंजिन एकदम सुरात आहे."

मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या. काम सांगितलं की त्यांना ऐकू येत नसे, एरवी कान तिखट. त्या म्हणाल्या, "आरं, उंदराचं पिल्लू घुसलं की काय आत? रडून राह्यलं बिचारं."

सरांनी गाडी थांबवून, इंजिन चालूच ठेवून, आईच्या समाधानासाठी बॉनेट उघडलं. उंदीर नव्हता. आवाज मात्र होता. मी बोट दाखवत होते, सासूबाई मान डोलवत होत्या आणि सर आमच्या दोघींकडे, लेझीमची पावलं चुकवणाऱ्या मुलींकडे बघावं तसं बघत होते.

माझ्या हट्टाखातर त्याच संध्याकाळी सरांनी गाडी स्टेशनजवळच्या गॅरेजवर नेली. तिथले मिस्त्री पन्नाशीचे, कानावर पेन्सिल, बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. दिवसभर फिरून इंजिन तापलेलं होतं. मिस्त्रींनी ते चालू ठेवून पाच मिनिटं ऐकलं. आवाज नाही! मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, कर गं बाई चीं चीं, कर. ती घड्याळासारखी चालत राहिली.

"सर, गाडी बिलकुल ओके आहे," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे बघून समजुतीने म्हणाले, "सिस्टर, नवी नवी गाडी असली की बाईमाणसाला आवाज येतेतच."

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. सकाळी दहा मिनिटं चीं चीं, संध्याकाळी मिस्त्रींपुढे चिडीचूप. कुणीतरी सरांना सांगितलं, फॅन बेल्टला कपड्याचा साबण घासा. सरांनी अर्धी वडी घासली. दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. सर दिवसभर छाती काढून फिरले. तिसऱ्या दिवशी आवाज आला आणि त्याच्या खाली घरघरही सुरू झाली. ती घरघर मला चीं चींपेक्षाही कमी आवडली.

पुढच्या रविवारी सरांच्या धाकट्या बहिणीकडे, धावड्याला बारसं होतं. बदनापूर ते धावडा म्हणजे चांगलाच पल्ला. मी सांगितलं, "आवाजाचा निकाल लागल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही."

"दोनदा दाखवली की मिस्त्रीला."

"जेवण झाल्यावर दाखवली. आमच्याकडे पेशंटची साखर बघायची असली की उपाशीपोटी बोलावतात. ही गाडी उपाशीपोटी दाखवा. शनिवारी संध्याकाळी गॅरेजवर सोडा, रविवारी सकाळी गार असताना सुरू करायला सांगा."

सरांना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना.

रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं बारशाचे कपडे घालून गॅरेजवर हजर. माझ्या खांद्याला नेहमीची उपकेंद्राची पिशवी, कारण धावड्याच्या बाळंतिणीला एकदा तपासून घ्यायचं होतं. मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

चीं, चीं, चीं, चीं. आणि खाली घर्रर्र.

मिस्त्रींचा चहाचा ग्लास हवेत थांबला. "अर्र! हे तर बेअरिंग बोलून राह्यलं!" शेजारचा पानवाला दुकानातून वाकून म्हणाला, "किती वरडायली हो!" सासूबाई म्हणाल्या, "मी तं पहिल्याच दिवशी सांगितलं."

सर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. "घर्रर्र ऐकू येतंय," ते हळूच म्हणाले. "पण चीं चीं कुठंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वीस वर्षं हा माणूस दिवसाला शंभर वेळा कानाशी शिट्टी फुंकत होता. घरी कुकरकडे लक्ष ठेवायला सांगितलं की डाळ करपायची आणि मी त्यांना आळशी समजायचे. मी नर्स असून, त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला सरांची दया आली आणि लागलीच हसूही आलं. मी तोंडाला पदर लावला. सर म्हणाले, "हस, हस."

मिस्त्री कामाला लागले. आधी त्यांनी फॅन बेल्ट उतरवला आणि मिनिटभर इंजिन चालवलं. आवाज तसाच. "म्हणजे बाहेरच्या बेल्टचा दोष न्हाई. आत आहे." मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या बाजूच्या कव्हरला टेकवून मूठ कानाला लावली. मला राहवेना. मी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि जवळ गेले.

"पदर आवरा सिस्टर, पदर!" मिस्त्री ओरडले. मी पदर कमरेला खोचला. कव्हरच्या खालच्या अंगाला साधा आवाज होता. वरच्या अंगाला, मधोमध, कानात सुई घातल्यासारखी चीं चीं. मी बोट ठेवलं. मिस्त्रींचा स्क्रू ड्रायव्हरही तिथंच येऊन थांबला.

इंजिन बंद करून त्यांनी कव्हर उघडलं. आत दात असलेला काळा रबरी पट्टा होता, टायमिंग बेल्ट, आणि त्याला ताणून धरणारी मुठीएवढी पुली. मिस्त्रींनी पुली दोन बोटांनी हलवली, तर ती दुधाच्या दातासारखी डुगडुगली. आतल्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळून गेलं होतं. पुली तिरकी चालल्यामुळे पट्ट्याची एक कड कुरतडल्यासारखी झाली होती आणि कव्हरभर काळा भुगा.

"हा बेल्ट रस्त्यात तुटला असता तर?" सरांनी विचारलं.

"मंग वरचे वॉल्व आणि खालचे पिस्टन एकमेकाला धडकले असते. या इंजिनात तसंच होतं. धावडा सोडा, भोकरदन बी दिसलं नसतं."

सरांनी खिशातले पैसे मोजले. बारशाचा पांढरा सदरा घालून तसेच बसने जालन्याला गेले आणि नवी पुली व नवा पट्टा घेऊन बाराच्या सुमारास परतले. तोवर सासूबाईंनी पानवाल्याला आपल्या गुडघ्यांचा सगळा इतिहास सांगून संपवला होता.

वरच्या आणि खालच्या चाकावर खुणा असतात. त्या जुळवून पट्टा बसवायचा, पुलीने ताण द्यायचा, मग पान्याने इंजिन हातानेच दोन फेरे फिरवून खुणा परत जुळतात का ते पाहायचं. मिस्त्रींनी फिरवलं. वरची खूण एक दात पुढे.

"चालंल का तेवढं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना बारशाची घाई.

"आजी, एका दाताने सगळा ताल बिघडतो."

ताल म्हटल्यावर सर पुढे आले. मिस्त्रींनी पट्टा उतरवून पुन्हा चढवायला घेतला आणि सर एकेका दाताला कवायतीच्या आवाजात मोजू लागले, "एक, दोन, तीन..." रस्त्यावरून जाणारी त्यांच्या शाळेची दोन मुलं दचकून सावधान उभी राहिली. या खेपेला दोन फेऱ्यांनंतर खुणा बरोबर समोरासमोर आल्या.

इंजिन सुरू झालं. मी ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. सर माझ्याकडे बघत होते.

"गेला?"

"गेला."

"नक्की ना? घर्रर्र गेलं ते कळलं, पण चीं चींचं मला तर आधी आणि आता सारखंच."

धावड्याला पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, बाळ झोपलं होतं आणि आम्हाला थंड पुऱ्या मिळाल्या. सरांनी सगळ्या पाहुण्यांना पुलीची हकीकत सांगितली. तीत चीं चीं पहिल्यांदा त्यांनीच ऐकली होती. पुढच्या आठवड्यात त्यांना जालन्याला कान तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरांपुढे मात्र त्यांनी खरं सांगितलं.

मिस्त्रींच्या मनात माझी किंमत भलतीच वाढली. महिन्याभराने त्यांनी मला रस्त्यात थांबवून एका टेम्पोपाशी नेलं. "सिस्टर, जरा नळी लावा. काहीतरी बोलून राह्यलं, पण कळेना." मी पदर खोचून, स्टेथोस्कोप लावून चांगली दहा मिनिटं तपासणी केली आणि ऐटीत सांगितलं, "काही नाही, तब्येत ठणठणीत आहे."

तो टेम्पो तिसऱ्या दिवशी वडीगोद्रीच्या पुढे बंद पडला आणि दोरीने बांधून ओढत आणावा लागला. त्यानंतर मिस्त्रींनी मला फक्त स्वतःचं ब्लडप्रेशर तपासायला बोलावलं.